काउंटरच्या आतली बाजू

श्रावण सरत आला की लाकूड फुगतं. घरातलं कपाट कुरकुरायला लागतं, खिडकीची झडप चौकटीत रुतून बसते, आणि माझ्या कारखान्याचा मागचा दरवाजा खांदा लावल्याशिवाय हलत नाही. तो दरवाजा एकदा रंधून घ्यायचा असं मी दरवर्षी ठरवतो आणि दरवर्षी विसरतो. कारखाना म्हणजे गोव्यात डिचोलीच्या बाजारापासून थोडी लांब, रस्त्याच्या आतल्या अंगाला असलेली पत्र्याची शेड. तिथे मी दुकानं थाटून देतो. दुसऱ्यांची. काउंटर, रॅक, काचेच्या शोकेस, छताखालचं खोटं छत, आरसे आणि आरशांवरचे छोटे दिवे. लोक मला सुतार समजतात, पण मी सुतार नाही. मापं घ्यायची, गिऱ्हाइकाला समजवायचं, माल आणायचा आणि मिस्त्रीच्या मागे लागायचं, हे माझं काम. आता मागे लागायला मिस्त्री नाही. कोणी काम दिलंच तर फिरते सुतार दोन-चार दिवसांपुरते बोलावतो. एरवी शेडमध्ये मी एकटा असतो.

परवा सकाळी एका मुलीचा फोन आला. आवाज घाईतला.

"काका, तुमी दुकानां करतात न्हू? साखळेंत माका केकांचें शॉप घालपाचें आसा. चवथीपयलीं जातलें?"

मी हो म्हणून मोकळा झालो. धंद्यातली जुनी खोड आहे ही. आधी हो म्हणायचं आणि मग कॅलेंडर बघायचं. गणपतीची चवथ किती जवळ आली आहे ते भिंतीवर दिसत होतं. मी पत्ता विचारला. साखळीच्या बाजारात, म्हणाली, पूर्वी कापडाचं दुकान होतं ते, पुंडलिकबाबांचं, त्यांच्या मुलाने भाड्याने दिलंय. पुढे तिने शेजारच्या दुकानांच्या खुणा सांगितल्या, पण मला त्यांची गरज नव्हती. ते दुकान आम्हीच थाटलं होतं. मी आणि परशराम मिस्त्रीने.

परशराम खानापूरकडचा. माझ्याकडे आला तेव्हा दोघांच्याही मिशा काळ्या होत्या. मी गिऱ्हाइकाशी बोलायचो आणि तो लाकडाशी. दोघांनाही एकमेकांचं काम कधी जमलं नाही. गिऱ्हाइकाने "मिस्त्री, हे असं का?" म्हणून विचारलं की तो माझ्याकडे बोट दाखवायचा, आणि मी करवतीला हात लावला की माझ्या हातातून काढून घ्यायचा. भांडणंही व्हायची आमची. मी गिऱ्हाइकाला कबूल केलेल्या तारखा ऐकून तो रंधा खाली ठेवायचा आणि शेडच्या दारात जाऊन पाऊस बघत बसायचा. थोड्या वेळाने मीच चहा घेऊन जायचो.

आमचा हंगाम पावसाळ्यातला. ऐकणाऱ्याला नवल वाटतं, कारण पावसात फेविकॉल लवकर सुकत नाही, पॉलिश धरत नाही, प्लायवूड हाताला ओलसर लागतं. पण या भागात वर्षाचं गणित लोहखनिजाच्या खाणींनी मांडलेलं. पाऊस लागला की खाणी थांबायच्या, ट्रक घरासमोर ताडपत्री ओढून उभे राहायचे, आणि ट्रकमालकाला वर्षातून पहिल्यांदा घरी बसून बायकोचं बोलणं ऐकायला वेळ मिळायचा. बायको म्हणायची, रस्त्याकडेच्या खोलीत एक दुकान घालूया. मग मला फोन. चवथीपर्यंत नाही जमलं तर दसऱ्यापर्यंत तरी, कारण दसऱ्याच्या सुमाराला ट्रक पुन्हा रस्त्यावर यायचे आणि हातात पैसा खेळायला लागायचा. त्या काळात शेडमध्ये दिवसभर ठोकाठोक चाले आणि फोनवर ओरडून बोलावं लागे. फणस, सागवान, फेविकॉल आणि ओला भुसा यांचा मिळून एक वास तयार होतो. तो वास नाकात आला की मला अजून उगाचच घाई झाल्यासारखी वाटते.

आमची एक रीत होती. काम पुरं झालं, भुसा झाडला, काचांवर चिकटवलेले कागद सोलून काढले, की मालकाला बोलावण्याआधी आम्ही दोघं नव्या काउंटरवर जेवायचो. आतल्या बाजूला बसून. दुकानदार जिथे बसणार तिथे रंगाचे दोन रिकामे डबे उलटे घालायचे, काउंटरवर वर्तमानपत्र अंथरायचं, त्यावर पातळ भाजी, पावाचे उंडे, आणि परशरामच्या बायकोने गावाहून पाठवलेली शेंगदाण्याची चटणी. "आज आपुन शेट, मालक," तो म्हणायचा, "उद्यापासनं भायेर." खरंच होतं ते. एकदा नारळ फुटला की आम्ही काउंटरच्या बाहेरचे. नंतर कधी त्याच दुकानात साबणाची वडी घ्यायला गेलो तरी इतरांसारखं बाहेर उभं राहून हात पुढे करायचा. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. आतल्या बाजूचं ते एक जेवण पुरायचं.

आणखी एक गोष्ट आम्ही पाळायचो. काउंटर बसवताना तो पुढे कधी बाहेर कसा काढायचा, हे विचारायचं नाही. लग्नाच्या मांडवात काडीमोडाची चौकशी कोणी करतं का? या धंद्यातले या भागातले सगळेच हे पाळायचे. मोठे काउंटर आम्ही दुकानातच जोडायचो. आधी लाकूड आत, मग समोरची भिंत, मग काच, सगळ्यात शेवटी शटर. एकदा एका गिऱ्हाइकाचा मेव्हणा सहज म्हणाला, "पण हें परतून भायर कशें काडटले?" परशराम त्याच्याकडे असा काही बघत राहिला की तो मेव्हणा उद्घाटनालासुद्धा आला नाही.

पुंडलिकबाबांचा काउंटर त्याच चांगल्या दिवसांतला. ते आमोण्याचे, नदीकाठचं घर, थोडी शेती, आणि साखळीत वडिलांपासूनचं कापडाचं दुकान. दुकान नव्याने बांधायला काढलं तेव्हा त्यांच्या परसातला जुना फणस वादळात पडलेला होता. त्याची एक अखंड फळी त्यांनी कापून ठेवली होती, काउंटरची सगळी लांबी एका दमात भरून काढेल एवढी. मला म्हणाले, "गुरुदास, प्लायवूड खंय जाय थंय घाल. काउंटराक मात हीच फळी." फणसाचं लाकूड नवं असताना हळदीसारखं पिवळं असतं आणि हात लागून लागून तांबूस होत जातं. परशरामने तिच्या कडेला कापड मोजायची पितळी पट्टी इतकी बेमालूम बसवली की बोट फिरवलं तर लाकूड कुठे संपलं ते कळू नये. मग भिंत उठली, तिच्यात काचेचं मोठं जनेल, खिडकी, बसलं, शटर लागलं. त्या दिवशी जेवताना परशरामच्या चटणीचं तेल फळीच्या कोपऱ्यावर सांडलं. तो लगेच रंधा आणायला उठला. मी म्हटलं, राहू दे, वर कापडच पडणार आहे. तो डाग तसाच राहिला.

मग ते वर्ष आलं, बंदीच्या हुकमाने खाणी बंद झाल्या ते.

मला सगळ्यात आधी जाणवली ती धूळ. म्हणजे धूळ नसणं. साखळी-डिचोलीच्या दुकानदाराचा दिवस काचा पुसून सुरू व्हायचा. तांबडी धूळ अशी की सकाळी पुसलेल्या शोकेसवर दुपारी बोटाने नाव लिहावं. सगळे तिला शिव्या घालायचे, मीही घालायचो, कारण पॉलिश ओलं असताना ती येऊन बसली की परशरामचा पारा चढे. त्या उन्हाळ्यात काचा स्वच्छ राहायला लागल्या. दुकानदार सवयीने फडकं फिरवायचे आणि फडकं पांढरंच राहायचं. मग पाऊस आला. पावसाळ्यात खाणी एरवीही बंदच, त्यामुळे थोडे दिवस सगळं दरवर्षीसारखं दिसलं. ट्रक ताडपत्रीखाली, ड्रायव्हर चहाच्या हॉटेलातल्या बांकांवर. फक्त माझा फोन वाजत नव्हता.

आणि वाजला तो उलट्या कामासाठी, लावलेलं दुकान काढून न्यायला. आमोण्याची शर्मिलावहिनी, बांगड्या-टिकल्यांचं दुकान. तिचा नवरा ट्रकवाला. दुकान आम्हीच केलेलं, गुलाबी सनमायका तिने स्वतः निवडलेला. "भाऊ, काडून व्हरात," ती फोनवर म्हणाली, "कोणाक तरी उपकाराक पडटलें." आम्ही पोचलो तेव्हा ती शोकेस पुसत होती. आम्ही पेचकस हातात धरून उभे, आणि ती ओल्या फडक्याने, मग कोरड्या फडक्याने, कोपऱ्यांत नख घालून घालून पुसतेय. परशरामला राहवेना.

"वैनी, आता निघायचंच हाय की ते."

"म्हूण घाणेरडें दिवप?" ती म्हणाली आणि खालचा कप्पा पुसायला बसली.

दुकान काढणं हे दुकान लावण्यापेक्षा फार शांत काम असतं. लावताना सगळा शेजार डोकावून जातो. कोणी रंग सुचवतं, कोणी चहा आणतं, एखादे आजोबा खुर्ची टाकून बसतातच. काढताना कोणी फिरकत नाही. समोरून जाणाराही मान दुसरीकडे वळवतो. स्क्रू उलटा फिरतो तेव्हा बारीक कुरकुर होते, तेवढाच आवाज. त्या पावसाळ्यात आम्ही आमचीच दुकानं एकेक करून उतरवून आणली. शेडमध्ये गुलाबी रॅक, मोबाइल-दुकानाच्या काचा, न्हाव्याच्या खुर्चीसमोरचे आरसे. अख्खा बाजार उभा राहिला, फक्त त्यात माल नव्हता आणि माणसं नव्हती. आरसे भिंतींना टेकवून ठेवलेले. त्यांच्यामधून चालताना चारी बाजूंनी मीच मला दिसायचो आणि मला शेडमध्ये जाऊ नये असं वाटायचं.

पण जात होतो, कारण परशराम तिथे होता. त्याला काम हवं म्हणून मी घरासाठी स्टुलं करायला सांगितली. उरलेल्या लाकडाची. एक झालं, दुसरं झालं. मग म्हटलं, तुळशीकडे बसायला एक हवं. मग पाहुण्यांसाठी. मग एक उंच, बल्ब बदलायला. तो करत राहिला आणि मी संध्याकाळी एकेक स्टूल स्कूटरच्या मागे बांधून घरी नेत राहिलो. आमचा मुलगा पुण्याला, मुलगी सासरी. घरात बसणारी माणसं दोन. शेवटी बायको दारातच उभी राहिली.

"स्टुलां पुरो जालीं," ती म्हणाली, "आतां तांचेर बसपाक मनशां हाडात."

हे मी परशरामला हसत हसत सांगितलं. तो हसला नाही. हातातला स्टुलाचा पाय घासून गुळगुळीत करत होता, तो त्याने खाली ठेवला.

"मालक, तुमी माझ्यासाठी काम काडायलाय. मला कळत न्हाई व्हय?"

"अरे, लागतात घरात."

"काय लागत न्हाईत. तुमच्याकडं माझ्यापुरतं काम न्हाई आता. गावाकडं घर बांधायची कामं हैत, दारं-खिडक्या. भाऊ बोलवायलाय."

मी म्हटलं, दिवस पालटतील. आठवडाभर थांब, महिनाभर थांब. मोठ्या कंपनीची दुकानं येतील, पर्वरीकडे काम मिळेल. जे जे सुचलं ते सगळं बोललो. तो नेहमीसारखं ऐकत होता, मी गिऱ्हाइकाला तारखा देताना ऐकायचा तसं. मला तो जायला नको होता. धंदा बुडाला असता तर मी आणखी काहीतरी केलं असतं, पण दुपारी डबा उघडताना समोर परशराम नाही, हे मला मनाशी आणताच येत नव्हतं.

या सगळ्यात पुंडलिकबाब आले. मुलगा बेंगळुरूला कायमचा स्थायिक झाला होता, दुकान पुढे चालवणारं कोणी नव्हतं, आणि त्या वर्षी चवथ तोंडावर आली तरी नवं कापड घ्यायला बाजारात कोणी उतरलं नव्हतं. उरलेला माल त्यांनी आला होता तिकडे परत पाठवला. रॅक कोणालाही द्या, म्हणाले. फक्त काउंटर त्यांना घरी हवा होता, त्याच्यामागे बसायला. "पडवेर घालतां. फाटल्यान बसपाची संवय जाल्या, घरा कितें करतलों?"

आम्ही गेलो. रॅक उतरवले, आरसे काढले. मग काउंटरकडे वळलो, आणि आम्ही इतकी वर्षं जे विचारायचं टाळलं होतं ते समोर येऊन उभं राहिलं. फळी बाहेर निघेना. उभी केली तर छताला लागते, आडवी वळवली तर भिंतीला. परशराम टेप धरून आत-बाहेर करत राहिला.

"जनेल मोडल्यार?" पुंडलिकबाबांनी विचारलं.

"जनेलातनं बी मावत न्हाई, आणि भिंतीवर वरचा सगळा भार हाय, बाबा. ती हलवता येत न्हाई," परशराम म्हणाला. "फळी कापायला लागंल."

त्याने कानावरची पेन्सिल काढली, गुण्या लावला आणि फळीच्या बरोबर मध्यावर एक रेघ मारली. मी करवतीची वायर सोडवत होतो. पुंडलिकबाबांनी त्या रेघेवर तळहात ठेवला, गल्ल्यावर कोणी हात घातला तर दुकानदार ठेवील तसा.

"कापूं नाकात रे. हांगाच आसूं."

काउंटर होता तिथेच राहिला. मग त्यांनी सोबत आणलेला डबा उघडला. हळदीच्या पानातल्या पातोळ्या होत्या, घरून केलेल्या. आम्ही सवयीने बाहेरच्या बाजूला उभे होतो. ते म्हणाले, "भायर कित्याक? भितर बसात." तिघं आतल्या बाजूला बसलो. समोर अर्धं शटर, त्याखालून येणाऱ्या-जाणाऱ्यांचे पाय आणि छत्र्यांची टोकं दिसत होती. पुंडलिकबाब खाता खाता त्या पायांकडे बघत होते. एखादं पाऊल रेंगाळलं की त्यांचा हात पितळी पट्टीकडे जायचा. पातोळीचं पान सोलताना येणारा तो वास मला एरवी सणाचा वाटतो. त्या दिवशी मी पान सोललं आणि पातोळी तशीच डब्याच्या झाकणावर ठेवली. परशराम मात्र नीट जेवला, पानं गोळा करून बाहेर टाकली, आणि फळी ओल्या फडक्याने पुसली. रेघ तेवढी पुसली नाही.

चवथीला तो दरवर्षी गावी जायचा. जाताना हत्यारांची लाकडी पेटी माझ्या टेबलाखाली सरकवून जायचा, कुलूप न लावता. पेटी इथे म्हणजे माणूस परत येणार, असा आमच्यातला न बोललेला करार. दसऱ्याला हत्यारांची पूजा त्या पेटीनेच व्हायची. त्याच्या करवती, पटाश्या, रंधे मांडून वर झेंडूची फुलं. त्या वर्षी मी त्याला सोडायला डिचोलीच्या स्टँडवर गेलो तर पेटी त्याच्या खांद्यावर होती.

"पेटी?" मी विचारलं. बघून कळत होतं तरी विचारलं.

"नेतो, मालक."

"मग दसऱ्याला पुजू काय?"

"एक रंधा ठेवलाय. मधला. तुमच्या टेबलाखाली हाय."

बस आली. पेटी जड, त्याने ती आधी आत ढकलली आणि मग स्वतः चढला. खिडकीपाशी बसला तेव्हा पेटी मांडीवर घेऊन बसला होता. मी परत शेडमध्ये आलो. आरशांमध्ये पुन्हा सगळीकडे मी होतो, आणि टेबलाखाली एक रंधा. तो रंधा मी दरवर्षी पुसतो, तेल लावतो, दसऱ्याला फूल वाहतो. मागचा दरवाजा फुगतो तो फुगतोच. त्या रंध्याने दरवाजा रंधायचं मनात आलं तरी हात पुढे जात नाही.

नंतरच्या वर्षांत मी साखळीला गेलो की बाजारातून मुद्दाम जायचो. पुंडलिकबाबांचं शटर बहुतेक सकाळी अर्धं वर असायचं. ते आमोण्याहून बसने यायचे, दुकान उघडायचे, रिकाम्या दुकानात काउंटरमागे बसायचे आणि दुपारी बंद करून घरी जायचे. विकायला काहीही नव्हतं. चुकून कोणी बाई आत डोकावली तर सांगायचे, "कापड ना गो, बाय. सोपलें." मी गेलो की म्हणायचे, "बस. च्या घेतलो?" मी बाहेरच्या बाजूला बसून चहा घ्यायचो. एकदा त्यांनी विचारलं, "तुजो मिस्त्री कितें म्हणटा?" मी म्हटलं, बरा आहे. मला माहीत नव्हतं. सुरुवातीला चवथ-दिवाळीला फोन व्हायचे, पुढे तेही सुटले. मला वाटायचं, पुंडलिकबाबांना वेड लागलंय. मग घरी जाता जाता लक्षात यायचं की मीही रोज शेड उघडून टेबलामागे बसतोच आहे. गेल्या पावसाळ्यात पुंडलिकबाब गेले.

तर काल मी त्या मुलीला भेटायला गेलो. सिद्धी तिचं नाव, वाळपईची. पणजीला बेकरीचं काम शिकून आलेली, डोळ्यांत झोप आणि हातात मापं लिहिलेला कागद. तिने शटर वर ढकललं आणि आतून कोंदट, जुन्या कापडाचा वास आला. काउंटर होता तिथेच होता. तांबूस, धूळ बसलेला. धूळ आता साधी राखाडी असते.

"काका, हें व्हडलें काडून उडोवया," ती म्हणाली, "माका केकांचो फ्रीज दवरपाक जागो जाय."

मी तिला समजावलं की हा अख्खा बाहेर निघत नाही. कापावा लागेल. मग ती जरा थांबली, बोटाने धूळ पुसली, तळहात फिरवला. अर्धा ठेवला तर चालेल, म्हणाली, लाकूड बरं आहे. फ्रीज इकडे, अर्धा काउंटर तिकडे. मी मान हलवली. वाळपईहून सामान आणायला ती बसने निघून गेली, आणि मी दुकानात एकटा राहिलो.

ओलं फडकं फिरवलं. धुळीखाली कोपऱ्यात चटणीच्या तेलाचा डाग होता. आणि बरोबर मध्यावर परशरामची रेघ होती, एका टोकाला जराशी पुसट, पण सरळ. पुंडलिकबाब एवढी वर्षं तिच्यामागे बसले आणि त्यांनी ती पुसली नव्हती. मापं घ्यायची गरजच उरली नाही. वायर लावली, करवत हातात घेतली आणि तशीच खाली ठेवली.

मग फोन लावला. नंबर तोच असेल याची खात्री नव्हती. सहज विचारतोय असा आवाज काढून म्हटलं, पितळी पट्टीचे स्क्रू खालून कुठे कुठे आहेत, करवतीचं पातं त्यांच्यावर जायला नको. त्याने आधी मला ओळखलं, मग काउंटर ओळखला, आणि मग सांगितलं, रेघेच्या उजव्या अंगाला एक हाय, जरा लांब, पात्याला लागायचा न्हाई.

"तू मारलेली रेघ अजून आहे," मी म्हटलं.

"पेन्सिलीची? अजून?"

"हो. आणि तुझा डागसुद्धा."

तो हसला. मग पुंडलिकबाबांचं विचारलं. मी सांगितलं. "अरारा," म्हणाला, "चांगला माणूस हुता." मी ती संधी साधली, म्हणजे साधायचा प्रयत्न केला.

"परशराम, येतोस का? चवथीपूर्वी करून द्यायचंय. छोटंच काम आहे. रंधा आहे माझ्याकडे."

"न्हाई, मालक." त्याने ते हळू सांगितलं. "हात थरथरतोय आता. रेघ सरळ येत न्हाई."

मी करवतीची वायर पायाने बाजूला सारली. त्यानेच विचारलं, "जेवलासा काय?"

"नाही अजून."

"मग आदी जेवा. आतल्या बाजूला बसा. मी बी बसायलोय ताटावर."

मी कोपऱ्यातला रंगाचा रिकामा डबा उलटा घालून आतल्या बाजूला बसलो, वर्तमानपत्र अंथरलं, डबा उघडला. फोन डागाशेजारी ठेवला, आवाज मोठा करून. तिकडे भाकरी मोडल्याचा, ताटात वाटी सरकल्याचा आवाज येत होता. त्याने विचारलं, काय हाय डब्यात. मी सांगितलं, आळसांद्याची भाजी. मी विचारलं, चटणी आहे का; तो म्हणाला, हाय की. बाहेर अर्ध्या शटरखालून लोकांचे पाय जात होते, आणि मी त्यांच्याकडे बघत जेवलो. जेवण झाल्यावर मी पेपर गोळा केला. तिकडे त्याने चूळ भरली.

"कापायचं तर फोन ठेवल्यावर कापा, मालक," तो म्हणाला. "मला ऐकवू नगासा."

"बरं."

"ठेवतो मग."

"ठेव."

त्याने ठेवला नाही. मीही ठेवला नाही. तिकडे अंगणात कोंबडी ओरडली, इकडे बाजारातून वाळपईची बस गेली, आणि करवत माझ्या पायाशी तशीच पडून होती.